आधी परस, मग सहल: घरी शिकणाऱ्या मुलांचा वर्षभराचा निसर्गाभ्यास

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की पालकांच्या डोक्यात सहलींची यादी आधी तयार होते. कासला नेऊ, भिगवणला नेऊ, काजवे दाखवू. यादी चांगलीच असते, पण क्रम उलटा असतो. परसात किंवा गॅलरीत एखादी गोष्ट रोज पाहून मुलाला प्रश्न पडला, की त्या प्रश्नाचं पुढचं टोक जिथे सापडेल तिथे सहल काढायची. तसं नसेल तर भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा असला, तरी मूल अर्ध्या तासात डब्यात काय आहे ते विचारतं. त्यात त्याचा काही दोष नाही.

पुढचं सगळं पुणे आणि आसपासच्या देशावरच्या हवेला धरून लिहिलं आहे. कोकणात पाऊस थोडा आधी येतो, विदर्भात थोडा नंतर, आणि तिकडचा उन्हाळा वेगळाच. महिने त्याप्रमाणे सरकवून घ्या.

कागदपत्रांचं काय, हे आधी उरकू

कारण सासरी-माहेरी पहिला प्रश्न हाच येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकण्याचा उल्लेखच नाही. कलम ४ लक्षात ठेवा. शाळेत कधीच न गेलेलं मूल पुढे शाळेत जायचं म्हणालं, तर त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: वय १४ पूर्ण हवं, पाच विषय, आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये सुटे सुटे देता येतात. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा देणं, हा दुसरा रस्ता. त्याच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. जन्मदाखला, आधार आणि मुलांच्या सगळ्या वह्या एका पेटीत ठेवल्या की या विषयावर रोज चर्चा करण्याची गरज उरत नाही.

जागा ठरवणं

मोठी बाग लागत नाही. परसातला एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा निवडा, चार कोपऱ्यांत काड्या रोवा आणि सुतळी बांधा. तुकडा निवडताना सुशोभित कोपरा टाळा. जिथे थोडं गवत आहे, पालापाचोळा पडतो, एखादी वीट किंवा दगड आहे आणि दिवसाचा काही वेळ सावली आहे, असा ओबडधोबड कोपरा घ्या. त्या चौकोनात वर्षभर काहीही लावायचं नाही, उपटायचं नाही, झाडायचं नाही. माळीकाका येत असतील तर त्यांना तसं आधीच सांगून ठेवा. स्वच्छतेच्या उत्साहात ते तुमची प्रयोगशाळा पाच मिनिटांत साफ करतील.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तीन कुंड्या ठेवाव्यात: एक कडीपत्त्याची, एक लिंबाची आणि एक नुसत्या मातीची. मातीच्या कुंडीत काही पेरायचं नाही. वाऱ्याने, पक्ष्यांनी, मुंग्यांनी काय आणून टाकलं ते पाहायचं. जोडीला सोसायटीच्या कुंपणाची भिंत धरा. जुन्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर शेवाळ, नेचे, पिंपळाची रोपं, गोगलगायी आणि पाली यांचं इतकं चालू असतं की ती भिंत एका मुलाला वर्षभर पुरते.

याशिवाय एक झाड 'आपलं' म्हणून ठरवा. ते परसात नसलं तरी चालेल. रोजच्या वाटेवरचं कडुलिंब, आंबा, बहावा, काहीही. आठवड्यातून एकदा त्याच वारी त्याच्यापाशी जायचं आणि पानं कोवळी की जून, कळ्या, फुलं, फळं किती, एवढंच नोंदवायचं. सीझनवॉच या भारतीय उपक्रमात अशाच साप्ताहिक नोंदी देशभरातून गोळा होतात. तिथे आपल्या झाडाची नोंदणी केली की मुलाला कळतं, आपण लिहिलेलं कुणीतरी वापरतं आहे. वही नीटनेटकी ठेवण्यासाठी मग वेगळा धाक लागत नाही.

सामान

दोनशे पानी कोऱ्या कागदांची जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, कापडी टेप, सुतळी, झाकणाला भोकं पाडलेल्या दोन काचेच्या बरण्या आणि पसरट मातीची परळ. दुर्बीण पहिल्या वर्षी नको. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती डोळ्याला नीट लावता येत नाही, आणि महागाची वस्तू म्हटली की तिच्यावरून भावंडांत रोज भांडण. घ्यायचीच असेल तर पुढे ८ बाय ४२ मापाची घ्या.

परळीत दोन बोटं पाणी आणि मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्यांना आणि मधमाश्यांनाही बसता येतं. पाणी रोज सकाळी ओतून परळ घासायची. हे काम मुलाचं. का घासायची, हे सांगण्यापेक्षा दाखवा: एका बरणीत पाणी भरून ती उघडी ठेवा, त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागल्या की तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधा. त्या अळ्यांचे कोष होतात, कोषांतून डास निघतात, आणि गरमीच्या दिवसांत हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. पाहून झालं की फडकं न सोडता बरणी साबणाच्या पाण्यात बुडवा. डेंग्यूवरचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

रोजचा क्रम

सकाळचा चहा-दूध झालं की आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त ताणू नका. मूल स्वतःहून थांबलं तर गोष्ट वेगळी. वहीत रोज चार गोष्टी: तारीख-वेळ आणि तिथी, हवा कशी आहे, एक चित्र, एक प्रश्न. लिहिता न येणाऱ्या मुलाने सांगायचं आणि आजी-आजोबांनी लिहून घ्यायचं. आजोबांना यात फार रस येतो. फक्त त्यांनी मुलाचं वाक्य सुधारू नये, एवढी अट आधीच घालून घ्या.

नाव सांगण्याची घाई करू नका. पक्षी दिसला की 'हा दयाळ' म्हणून मोकळं झालं, की पाहणं तिथेच संपतं. आधी विचारा: चिमणीएवढा की कावळ्याएवढा? शेपूट वर की खाली? उड्या मारतो की चालतो? चोच कशी आहे? चार उत्तरं वहीत आली की मग पुस्तक किंवा फोनवरचं मर्लिन हे पक्षी ओळखणारं अॅप उघडा. फोन मोठ्यांच्या हातात आणि तोही शेवटी. आमच्याकडे एक रीत आहे: नाव सापडेपर्यंत त्या प्राण्याला मुलांनी दिलेलं नाव चालतं. 'खाकी पोटवाला' हा कित्येक आठवडे 'खाकी पोटवाला'च होता आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

भाषा आणि गणित यातच येतं, पण सगळंच यात येईल असा आग्रह धरू नये. पाढे वेगळे पाठ करावेच लागतात. दिवसाचा बाकीचा भाग पुस्तकं, स्वयंपाकघरातली कामं, खेळ आणि भरपूर कंटाळा यांत जातो. कंटाळलेलं मूल आपणहून परसात जातं.

पावसाळा: इथून सुरुवात करा

शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, ते आपल्या कामाला अगदी सोयीचं आहे. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. मोठ्या मुलासाठी पहिलं गणित हेच: एकादशी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, मग मृग त्याच तारखेला कसा? तिथी चंद्राची, पावसाची नक्षत्रं सूर्याची. ३६५ दिवस भागिले २७ नक्षत्रं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा दिवस. पंचांग उघडून मृग ते स्वाती अशी यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक नक्षत्रात किती पाऊस पडला ते शेजारी लिहीत जा. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' खरं की नुसतं यमक, हे मग वर्षाअखेर आपल्याच आकड्यांवरून बोलता येतं.

पाऊस मोजायचं साधन घरी करा. शीतपेयाची दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या आणि खांद्याखाली, जिथे ती सरळ होते तिथे, कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे टाका, ते बुडेपर्यंत पाणी भरा आणि त्या पातळीला शून्य मांडा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्याने पट्टीवरचा आकडा हाच पाऊस. बाटली भिंतीपासून आणि झाडापासून लांब हवी. परस अरुंद असेल तर गच्चीवर ठेवा, वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजतं. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. पाऊस नसलेल्या दिवशीही पातळी पाहा, उन्हाने ती खाली जाते. एका मिलिमीटर पावसाचं एक चौरस मीटरवर बरोबर एक लिटर पाणी होतं. आपल्या गच्चीचं क्षेत्रफळ काढायला लावा: ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर, एक टाकी. ही टाकी गटारात जाते हे मुलाने स्वतः काढलं की पुढचे वाद घरात तोच घालतो.

या बाटलीतून वर्षातल्या दोन सर्वांत चांगल्या सहली निघतात. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, आणि पूर्वेला बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे पाचशेच्या आतबाहेर. एवढ्याशा अंतरात हा फरक का? जुलैत बाटली बरोबर घेऊन ताम्हिणीच्या किंवा महाबळेश्वरच्या दिशेने जा, मुक्कामाच्या ठिकाणी अंगणात ठेवा आणि सकाळी आकडा पाहा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात, हे त्या आकड्यासमोर सांगायला दोन वाक्यं पुरतात. दुसरं टोक सुप्याचं, ते हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

पहिल्या सरींनंतर सुतळीच्या चौकोनात रोज नवीन काहीतरी असतं. मखमली लाल मृगाचा किडा दिसला तर पाय मोजायला सांगा. आठ निघतात, म्हणजे तो कीटकच नव्हे, कोळ्यांचा भाऊबंद. गांडुळांची विष्ठा, वाळवीला फुटलेले पंख, गोगलगायींचे चंदेरी माग, टाकळ्याची रोपं. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या इथेच ओळखीच्या होतात, पण नियम एकच: ज्यांनी आयुष्यभर ती भाजी खुडून खाल्ली आहे अशा आजीने किंवा बाजारात ती विकणाऱ्या मावशींनी हातात घेऊन ओळखल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. फोनवर दाखवलेल्या नावावर तर मुळीच नाही.

कडीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कुंड्यांची पाळी आता येते. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे गोल ठिपके दिसले की ती फुलपाखराची अंडी. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते; मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून केशरी-लाल दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते. बरणीत पाळायची असेल तर अळी असलेली डहाळीच कापून देठाला ओला कापूस गुंडाळा, तोंडाला मलमल बांधा, रोज ताजी पानं द्या आणि विष्ठा झटका. फवारणी केलेलं पान एक जरी गेलं तरी अळी मरते, म्हणून बाजारातला कडीपत्ता देऊ नका. बरणीत एक उभी काडी असू द्या, कोष तिला चिकटतो. कोष काळपट होऊन आतले पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना लवकर उठवा. कधी कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक बाहेर येतो, कारण त्याने अळीतच अंडी घातलेली असतात. मुलं हळहळतात. हळहळू द्या, पण तेही वहीत काढायला सांगा. परसात कोण कुणावर जगतं ते यातूनच दिसतं.

कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडी घालतं ही यादी हळूहळू वाढवत न्या. रुई, कण्हेर, एरंड, सरळ वाढणारा हिरवा अशोक या सगळ्यांची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंतही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतो. तुमच्या भागात दाट झाडी असेल तर त्याच कुंडीवर त्याची वाट पाहायला हरकत नाही.

याच दिवसांत कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष ठेवा. काळा कोकीळ नर, ठिपकेदार तपकिरी कोकिळा मादी. कावळा आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या पिलाला भरवताना जून-जुलैत पाहायला मिळतो. आणि कुंडीच्या मातीत सरड्याची मादी खड्डा करताना दिसली तर मुलांना चार हात लांब बसवा. ती अंडी घालते, माती लोटून जागा बुजवते आणि निघून जाते. 'आई परत येणार नाही?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर लगेच देऊ नका, वहीत तसाच राहू द्या. तो मार्चमध्ये लागणार आहे.

भाद्रपद-आश्विन

सप्टेंबरात कास पठार. साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग. प्रवेशाची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त असतात. घरी शिकणाऱ्यांचा मोठा फायदा इथे आहे: मंगळवारी जा. 'आज शाळा नाही का रे?' असं तिकिटाच्या खिडकीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे विचारतील. मुलांना साधं उत्तर शिकवून ठेवा: 'आम्ही घरी शिकतो.' त्यापुढचं व्याख्यान देण्याची जबाबदारी त्यांची नाही.

घरचा प्रश्न इथे मातीचा. निघण्याआधी आपल्या चौकोनाशेजारी वीतभर खड्डा करून माती किती खोल आहे ते पाहा. कासला जांभ्या दगडावर मातीचा इतका पातळ थर आहे की मोठं झाड उभंच राहत नाही. अशा निकस जमिनीत नत्र कमी, म्हणून तिथल्या काही वनस्पतींनी कीटक पकडायचा मार्ग धरला: दवबिंदू आपल्या चिकट केसांनी पकडते, सीतेची आसवं मुळांसारख्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांनी. निळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा सगळे बघतात. तुम्ही मुलांना पोटावर झोपून भिंगातून एकच फूल अर्धा तास काढायला लावा, तेही वाटेवरूनच. फुलांत पाय नको.

कासला जमलं नाही तर तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जा. गवतात नक्षीदार जाळ्याच्या मधोमध बसलेला कोळी, तेरड्याची फुलं, नाकतोडे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी खरं तर हेच बरं, कारण गाडीत तीन तास बसून ते उलट्या करत नाही.

हिवाळा

दिवाळीनंतर परसात पाहुणे दिसू लागतात: शेपटी सतत वरखाली हलवणारे धोबी, थिरथिरे. 'हे पावसाळ्यात कुठे होते?' या प्रश्नावर भिगवण. पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्याहून शंभरेक किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी जसं ओसरतं तसा गाळ उघडा पडतो आणि रोहित पक्षी उथळ पाण्यात येतात. म्हणून जानेवारी ते मार्च चांगले, पाऊस भरपूर झाला असेल तर थोडं उशिराच जा. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर कोवळ्या उन्हात होडीत असाल. स्थानिक मच्छीमार होडी चालवतात. मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसवू नका, आणि थवा उडवून दाखवायला सांगू नका. त्यासाठी कुणी जादा पैसे मागितले किंवा तुम्हाला देऊ करावेसे वाटले, तरी नाही. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथे भेटतात. घरी परतल्यावर भिंतीवरच्या नकाशात दोरा लावून त्यांची वाट दाखवा.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचे. नवशिक्या घरालाही हे जमतं.

आणि जुलैपासून राखून ठेवलेलं सुपं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, झुडपी गवताळ माळ, आणि त्यात चिंकारा. 'इथे झाडं का लावत नाहीत?' असं कुणी म्हणालंच तर पावसाच्या तक्त्याकडे बोट दाखवा. कमी पावसाचं गवत हे पूर्ण वाढलेलं रानच असतं, उजाड जमीन नसते. चिंकारा, चंडोल, माळटिटवी यांचं घर तेच. मुलांच्या नाही तरी मोठ्यांच्या डोक्यात ही गोष्ट पक्की बसायला हवी.

पळस ते काजवे

फाल्गुनात एक सहल अशी काढा जिला पैसे लागत नाहीत: रस्त्याकडेच्या फुललेल्या काटेसावरीखाली चटई टाकून एक तास. मैना, बुलबुल, पळसमैनांचे थवे, शिंजीर, खार, मधमाश्या. कोण मध पिऊन जातं, कोण फूल तोडतं, कोण दुसऱ्याला हाकलतं, याचा तक्ता करायचा. होळीच्या रंगासाठी पळसाची पडलेली फुलं गोळा करून रात्रभर भिजवा आणि उकळा. झाडावरची तोडू नका.

मार्चमध्ये वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, इथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण चालू आहे. अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांनी फुटतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. राहण्याची सोय गावातल्या घरांतच होते. कुंडीतल्या सरड्याचा प्रश्न इथे पुन्हा काढा: कासवीणही अंडी पुरून निघून जाते, पिल्लांना आई भेटतच नाही. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात हे कळलं, की मोठं मूल सरड्याच्या अंड्यांबद्दल तोच प्रश्न विचारतं. पिल्लं निघतीलच याची खात्री कुणी देत नाही, म्हणून दोन रात्रींचा मुक्काम ठेवा.

एप्रिल-मेमध्ये परसातलं काम पहाटे सहाला. दयाळ गातो, बहावा लोंबतो, ताम्हण फुलतं, पावशा 'पेरते व्हा' सुरू करतो. मेच्या अखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भंडारदरा आणि राजमाची भागात काजवे. इथेही मधल्या वारीच जा, विजेरीला लाल जिलेटिन कागद लावा, पायवाट सोडू नका. माद्या झुडपांत आणि गवतात असतात, त्यामुळे वाट सोडून गवतात शिरलेल्या गर्दीच्या पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे जातात. तिथे डीजे वाजताना दिसला तर मुकाट्याने दुसऱ्या गावाकडे गाडी वळवा.

सहलीची तयारी आणि धोके

शक्य असेल तर एका मोठ्या माणसाने जागा आधी पाहून यावी. तीन मुलांमागे एक मोठं माणूस, आणि दोन कुटुंबांपेक्षा जास्त गर्दी नको. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बंद बूट, पाणी, गूळ-शेंगदाणे, धपाटे, एक जुनी चादर. अत्तर नको, धूर नको: किल्ल्यांवर आणि कड्यांवर आग्यामोहोळ असतं आणि ते दोन्हींनी चवताळतं. माश्या उठल्याच तर हात न हलवता चादर पांघरून तोंड झाका आणि लांब निघून जा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं चित्रांसकट मुलांना पाठ हवीत. दगड उचलायचा तर काठीने आणि त्याची पलीकडची कड आपल्याकडे वर करून, म्हणजे आतलं जे काही असेल ते पलीकडे जाईल. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काहीही नाही. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय, प्रतिसर्पविष तिथे मिळतं. निघण्याआधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय नकाशावर पाहून ठेवा. हिवाळ्याच्या अखेरीस खाजकुयलीच्या शेंगांपासून जपा, गाजरगवतात लोळू देऊ नका, आणि गुंजा, धोतरा, एरंडाच्या बिया, कण्हेर विषारी आहेत हे सुतळीचा चौकोन आखण्याच्या आधी सांगा. पोपट, कासव, पक्ष्यांची अंडी घरी आणायची नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पिसं आणि शंखही जिथल्या तिथे, वहीत फक्त चित्र.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी नवं काही शिकवू नका. बूट धुणं, वहीतली अर्धी चित्रं पुरी करणं, घरी राहिलेल्या आजीला सगळं तोंडी सांगणं, एवढ्यात दिवस जातो. तिसऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्नांची यादी काढा: किती सुटले, किती नवे आले. सुटलेला प्रश्न खोडायचा नाही, त्याच्यासमोर उत्तर जिथे मिळालं त्या जागेचं नाव लिहायचं. दहावीच्या विषयांची निवड करायची वेळ येईल तेव्हा ही पानं चाळा. मुलाने कुठल्या प्रश्नांवर जास्त पानं भरली आहेत ते पाहून विज्ञान घ्यायचं, सामाजिक शास्त्र घ्यायचं की चित्रकला, हे ठरवणं सोपं जातं.

हे मेमध्ये वाचत असाल तर आजच बाटली कापा आणि सुतळी बांधा. इतर कुठल्या महिन्यात वाचत असाल तर बाटली राहू द्या, झाडापासून सुरू करा.